रात्री गाडी पाठवतो म्हणाले, पत्ता देऊ का?

‘मॅडम, ते व्यसनमुक्ती केंद्रवाले म्हणतात फक्त पत्ता द्या. रात्री गाडी येते, चार पोरं उचलून नेतात. सहा महिने ठेवायचं, पहिले दोन महिने भेट नाही. तिथं मारत तर नसतील ना हो?’

विचारणाऱ्या मावशींचा मुलगा तिशीतला, सकाळपासून पिणारा. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) व्यसनमुक्ती केंद्राबद्दलची ही धास्ती बहुतेक घरांत असते, आणि ती अनाठायी नाही.

म्हटलं, पत्ता देऊ नका. आधी नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकारही येतात. असे रुग्ण ठेवून घेणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. ‘ट्रस्ट नोंदलेला आहे’ हे उत्तर चालत नाही; ट्रस्ट काय, कुणीही काढतं.

दुसरं, डॉक्टर कोण, कधी येतात? रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, प्रसंगी जीवही जातो. डॉक्टर नसलेल्या ठिकाणी याला ‘नाटकं’ म्हणतात. मला मारहाणीपेक्षाही जास्त भीती याची वाटते.

साखळीनं बांधणं, एकट्याला कोंडणं, बळजबरीनं डोकं भादरणं, कामाला जुंपणं, यातलं काहीच कायद्याला मान्य नाही. कुणाला भेटायचं हे रुग्ण ठरवतो. मनाविरुद्ध दाखल करायचं तर दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. तेही जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी; पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि याच कायद्याखालच्या पुनरावलोकन मंडळाची मान्यता. मग हे सहा महिन्यांचं पॅकेज आलं कुठून?

मावशींनी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, ‘पोरगा सुधारायचाय की कागद बघायचेत?’ तिथंच विषय संपला.

मुलाला मात्र रुग्णालयात न्यायला वेळ लागला. आधी तो माझ्याकडे नुसताच येऊन बसायचा. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून स्वतः दाखल झाला.

‘आपल्या पायांनी गेला, तसा परतही येईल की!’ मावशी म्हणाल्या.

येईल. स्वतःहून दाखल झालेला घरी जातो म्हणाला तर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. तसा आलाच तर काय करायचं, ते आम्ही ठरवून ठेवलंय: पैसे द्यायचे नाहीत, भांडायचं नाही, जेवायला वाढायचं आणि १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन लावायचा.