वचनाचे पैसे खात्यात धरत नाहीत

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. माझी भाची अमेरिकेत एका छोट्या कॉलेजात देणग्यांच्या विभागात नोकरी करते. कॉलेजने कायम निधीसाठी, म्हणजे मुद्दल तशीच ठेवून उत्पन्न वापरायच्या निधीसाठी, बाहेरून पैसे जमवले की तिकडचं सरकारही त्यात आपली भर घालतं, असं ती सांगते. असे अर्ज तपासताना सरकार नेमकं काय बघतं? विचारण्याचं कारण असं, की पूर्व भागातल्या आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाने कायम निधी उभारायचं ठरवलं आहे आणि हिशेबाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.
— एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : सर, भाची सांगते ते बरोबर आहे. अमेरिकेच्या १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याचा तिसरा भाग आर्थिकदृष्ट्या अशक्त कॉलेजांसाठी आहे. १९८३ साली त्यात कायम निधीसाठी ‘आव्हान अनुदान’ आलं, म्हणजे कॉलेजने आपला वाटा जमवला तरच मिळणारं अनुदान. पुढे अशीही सोय झाली की या भागातलं अनुदान मिळालेलं कॉलेज त्यातली वीस टक्क्यांपर्यंत रक्कम कायम निधीत टाकू शकतं. मात्र तेवढीच किंवा त्याहून जास्त रक्कम त्याने केंद्र सरकारबाहेरून आणली पाहिजे. मुळात या भागात शिरायलाच दोन गोष्टी दाखवाव्या लागतात : गरजू विद्यार्थ्यांचं प्रमाण मोठं आहे आणि दर विद्यार्थ्यामागे होणारा शैक्षणिक खर्च कमी आहे.

आव्हान अनुदानाच्या नियमांत प्राधान्य कोणाला, हेही लिहून ठेवलं होतं. ज्याचा सध्याचा कायम निधी विद्यार्थिसंख्येच्या मानाने लहान आहे तो पुढे, आणि जो बिगरसरकारी पैसा जास्त आणतो तोही पुढे. यातला पहिला निकष मला फार न्याय्य वाटतो. समजा, एका कॉलेजचा निधी एक कोटी आहे आणि मुलं चार हजार. दुसऱ्याचा निधी वीसच लाख, पण मुलं पाचशे. आपण पटकन दुसऱ्याला गरीब म्हणू. भागाकार करा : पहिल्याकडे दर मुलामागे अडीच हजार रुपये, दुसऱ्याकडे चार हजार. गरज पहिल्याची मोठी आहे. मुलं मोजण्याचीही रीत आहे. अर्धवेळ शिकणारे जसेच्या तसे न मोजता त्यांचे पूर्णवेळ किती होतात ते काढतात. नुसता पट फुगवून उपयोग होत नाही.

आता कॉलेजने आणलेल्या वाट्याबद्दल. हा भाग तुम्ही दोनदा वाचा. कॉलेजचा वाटा म्हणून काय चालत नाही, याची यादीच त्या नियमांत होती. कोणी ‘देईन’ म्हणून लिहून दिलेलं चालत नाही. मृत्युपत्राने किंवा ट्रस्टमार्फत पुढे कधीतरी येणारी देणगी चालत नाही. उसने घेतलेले पैसे चालत नाहीत, केंद्र सरकारचेच दुसरे पैसे चालत नाहीत. आणि अर्जाच्या मुदतीच्या दिवशी जो निधी आधीपासून होता, त्याची मुद्दल नाही आणि व्याजही नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबते, कारण ते मी सोसलेलं आहे. मी एकतीस वर्षं कॉलेजच्या हिशेब खात्यात काढली. सुरुवातीच्या काळात एका सरकारी योजनेत इमारतीसाठी निम्मा वाटा संस्थेने घालायचा होता. संस्थेने जुनी मुदत ठेव मोडली, त्याच रकमेची नवी पावती केली आणि ‘संस्थेचा वाटा’ म्हणून प्रस्तावाला जोडली. प्रस्ताव मीच टाइप केला होता. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी पावती पाहिली आणि तीन वर्षांचे ताळेबंद मागवले. तेवढीच रक्कम प्रत्येक ताळेबंदात बसलेली होती! प्रस्ताव परत आला आणि वर्ग आणखी सहा वर्षं पत्र्याखाली भरले. मे महिन्यात सोलापूरचा पत्रा कसा तापतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्या मुलांची आठवण आली की मला आजही स्वतःची लाज वाटते. पैसा नवा आहे का, हा प्रश्न मी टाइप करतानाच विचारायला हवा होता.

पुन्हा अमेरिकेच्या नियमांकडे येते. पैसे मिळाले की काम संपलं, असंही नाही. वीस वर्षं मुद्दलीला हात लावायचा नाही. उत्पन्नातलंही जास्तीत जास्त निम्मं काढायचं, उरलेलं निधीतच मुरवायचं. गुंतवणूक सुरक्षित ठिकाणी करायची. नियम मोडला तर सरकारला परतफेड करावी लागते. वीस लाख जमवले, तेवढेच सरकारने घातले आणि सात टक्के व्याज धरलं, तर वर्षाला दोन लाख ऐंशी हजार येतात, खर्चाला एक लाख चाळीस हजार. एवढ्यासाठी एवढी खटपट का, असं सभेत कोणीतरी विचारेलच. सर, विडी वळणाऱ्या आईच्या मुलीची परीक्षा फी भरायची तारीख आली आणि घरात पैसे नाहीत, तेव्हा हे एक लाख चाळीस हजार काय असतात ते मी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिलं आहे. शिवाय ते पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

इंग्लंडचा प्रयोगही पाहण्यासारखा आहे. तिथे २००८ ते २०११ अशी तीन वर्षं देणग्यांना जोड देण्यासाठी वीस कोटी पौंड ठेवले होते. ज्या संस्थांना देणग्या जमवायची सवय नव्हती, त्यांना एका पौंडाला एक पौंड. थोडा अनुभव असलेल्यांना दोन पौंडांमागे एक, मुरलेल्यांना तीनमागे एक. प्रत्येक गटाला कमाल मर्यादा होतीच. नाहीतर सगळी रक्कम नामवंत विद्यापीठांनीच नेली असती.

आपल्याकडे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातल्या २(फ) आणि १२(ब) या कलमांखालच्या यादीत कॉलेज असलं की आयोगाच्या मदतीला ते पात्र होतं. २०१३ च्या ‘रूसा’त, म्हणजे उच्च शिक्षणासाठीच्या केंद्राच्या योजनेत, केंद्र आणि राज्याचा वाटा आपल्यासारख्या राज्यात आधी ६५:३५ आणि पुढे ६०:४० होता. पण हे पैसे इमारत, उपकरणं, गुणवत्तावाढ यांसाठी येतात, कायम निधीत भर म्हणून नव्हे. सरकार जोड देईल या आशेवर तुमचा संघ थांबू नये. वही मात्र अशी ठेवा की उद्या कोणीही तपासायला आलं तरी पान उलटून दाखवता येईल.

त्यासाठी निधीचं बँक खातं वेगळं हवं. प्रत्येक देणगीदाराकडून ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ अशी लेखी चिठ्ठी घ्या. प्राप्तिकराच्या हिशेबात कायम निधीची देणगी वेगळी दाखवायची तर ती चिठ्ठीच कामी येते, आणि ते पैसे कायद्याने मान्य केलेल्या गुंतवणुकीतच वेगळे ठेवावे लागतात. मेळाव्यात माइकवर जाहीर होणाऱ्या रकमा वेगळ्या वहीत लिहा. चेक वटेपर्यंत त्यांना निधीच्या वहीत जागा नाही, मग जाहीर करणारा कितीही मोठा असो.

आणि लहान रक्कम परत पाठवू नका. गड्ड्याच्या यात्रेला पुण्या-मुंबईची मुलं घरी येतात, तेव्हा मेळावा ठेवा. यंत्रमागावर काम करणारा तुमचा माजी विद्यार्थी १०१ रुपये देईल, त्यालाही छापील पावती द्या. बाहेरचा पैसा किती माणसांकडून आला, हे पाहिलं की संस्थेच्या मागे लोक आहेत की एकटा अध्यक्ष, ते तपासणाऱ्याला कळतं. दहा लाखांच्या एका चेकपेक्षा पाचशे पावत्यांचं पुस्तक पाहून मी जास्त विश्वास ठेवला असता.

प्रश्न : चिंचोळी एमआयडीसीतली एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी करायच्या खर्चातून, आमच्या कॉलेजच्या कायम निधीला पाच लाख द्यायला तयार आहे. घ्यावेत का?
— एक प्राचार्य, सोलापूर जिल्हा

उत्तर : कायम निधीसाठी घेऊ नका. जानेवारी २०२१ पासून बदललेल्या नियमांनुसार कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून धरली जात नाही. कंपनी अडचणीत येईल आणि पुढच्या वर्षी तुमच्याकडे फिरकणार नाही. त्याच पाच लाखांतून प्रयोगशाळा किंवा मुलींसाठी स्वच्छतागृह मागा आणि खर्चाच्या पावत्या वेळेत पोचवा. कंपनीच्या मालकांना आपल्या खिशातून कायम निधीला काही द्यायचं असेल, तर तो चेक वेगळा आणि चिठ्ठीही वेगळी.