जुनी गाडी तपासल्यावर मेकॅनिकने दहा दोष काढले. त्यातले कोणते किरकोळ आणि कोणते गंभीर?

बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमची यादी आधी परत मांडतो. गाडी २०१७ ची डिझेल स्विफ्ट, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग, मीटरवर ८२ हजार, दुसरा मालक. मेकॅनिकने लिहून दिलंय: टॅपेट कव्हरला (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) ऑइलचा पाझर, क्लच हार्ड, पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत, बॅटरी जुनी, एसी कमी गार, कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) जागी साधं पाणी, डावा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) नवीन, डावा पुढचा टायर आतून खाल्लेला, डावा हेडलाइट नवीन, डावा फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) आणि दार रिपेंट. आणि एजंट म्हणतोय, "किरकोळ कामं आहेत ओ, चार पैसे कमी करतो, डोळं झाकून उचला."

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज आहे. अशी यादी घेऊन येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, "खर्च किती येईल?" खर्चाचं नंतर बघू. आधी प्रत्येक ओळीपुढे एवढंच लिहा: हे वापरून झिजलंय, की गाडीबरोबर काहीतरी घडलंय म्हणून झालंय? झिजलेला पार्ट बदलला की विषय संपतो. ठोकर, पुराचं पाणी किंवा इंजिन तापणं यातलं काही घडलेलं असेल, तर नवा पार्ट टाकूनही मूळ दुखणं गाडीतच राहतं.

ब्रेक पॅड, बॅटरी, एसी ही झीज. यावर वेळ घालवू नका, तेवढे पैसे भावातून कापून घ्या. एसीचा गॅस मात्र आपोआप संपत नाही, कुठून तरी गळतो. एसीचा कंडेन्सर (गॅस गार करणारी जाळी) बसतो रेडिएटरच्या पुढे, म्हणजे पहिला मार त्यालाच. ही ओळ लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

क्लच ८२ हजाराला हार्ड होणं नवल नाही. महाद्वार रोड आणि गंगावेशीच्या गर्दीत हाफ क्लचवर फिरलेली गाडी असेल तर त्याआधीच होतो. टॅपेट कव्हरचं गॅस्केट उष्णतेने कडक होतं आणि ऑइल पाझरतं, तेही वयाचंच. पाझर आणि गळती यातला फरक मात्र बघा. धूळ चिकटून ओलसर काळा थर झाला असेल तर पाझर, जमिनीवर थेंब पडत असेल तर गळती. थेंब इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून येत असेल तर मागचं ऑइल सील गेलंय. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून ते काम क्लचबरोबरच करायचं. बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला सांगा, इंजिन धुऊ नका. नऊ-दहा वर्षांच्या गाडीचं इंजिन चकचकीत दिसलं की मला तर आधी शंकाच येते.

आता डाव्या बाजूकडे या. मेकॅनिकने लोअर आर्म, टायर, हेडलाइट आणि फेंडर वेगवेगळ्या ओळींत लिहिलेत, कारण त्याने जसं दिसलं तसं लिहिलं. तुम्ही यादी गाडीच्या कोपऱ्यांप्रमाणे वाचा. चारही गोष्टी पुढच्या डाव्या कोपऱ्यात येतात. नुसता रंग असता तर मी सोडून दिलं असतं. आपल्या पेठांतल्या बोळांत दोन्ही बाजूंना घासलेली नाही अशी गाडी कुठे सापडते? पुढची काच नवी असती तरी सोडलं असतं, हायवेवर खडी उडून काचा फुटतातच. पण हेडलाइट, सस्पेन्शन आणि टायर एकाच कोपऱ्यात म्हणजे तिथे ठोकर आहे. आणि या भागात डावा पुढचा कोपरा का जातो, हे कोणताही डेंटर सांगेल. गळीत हंगामात रस्त्याच्या डाव्या कडेला रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी असते. रात्री ती शेवटच्या क्षणी दिसते, माणूस स्टिअरिंग उजवीकडे मारतो आणि डावा कोपरा ट्रॉलीच्या खाली घुसतो. ट्रॉली उंच असल्यामुळे बंपर बऱ्यापैकी वाचतो; फेंडर, बॉनेटची कड आणि पिलर (काचेच्या बाजूचा खांब) मार खातात.

ही ठोकर कुठपर्यंत गेली ते बॉनेट उघडून कळतं. फेंडरचे बोल्ट बघा. कंपनीत बॉडीबरोबर रंग चढतो, त्यामुळे न खोललेल्या बोल्टच्या कडांवर रंग सलग असतो. पाना लागला की कोपऱ्यांवरचा रंग उडतो आणि खालच्या वॉशरभोवती गोल खूण उमटते. हे झालं फेंडर खोलल्याचं; फेंडर बोल्टवर बसतो, तो बदलला म्हणून गाडी वाईट होत नाही. त्याच्या आतलं अ‍ॅप्रन (चाकावरचा आतला पत्रा) मात्र बॉडीला वेल्ड केलेलं असतं. बॅटरी ज्या बाजूला नाही त्या बाजूला टॉर्च मारा, मग दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडचं ताडून बघा. कंपनीचे स्पॉट वेल्ड म्हणजे सारख्या अंतरावर गोल खळगे असतात आणि सीलंटची रेघ मशीनने ओढलेली असते. एका बाजूला खळगे आहेत आणि दुसऱ्या बाजूला ग्राइंडरने घासून वर रंग मारलेला सपाट पत्रा आहे, किंवा सीलंट बोटाने फासलेलं दिसतंय, तर अ‍ॅप्रन कापून बसवलंय. त्याच्याखाली पुढे जाणारा चेसिसचा लेग (बॉडीचा भार घेणारी तुळई) असतो. गाडी लिफ्टवर घेऊन त्याला सुरकुती किंवा ठोकून सरळ केल्याच्या खुणा आहेत का ते बघा. तिथे खुणा दिसल्या तर भाव करत बसू नका, गाडी सोडा.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असलेला माणूस मिळाला तर उत्तमच. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. पुन्हा रंगवलेला २०० च्या वर जातो, आणि आकडा ५०० च्या पुढे असेल तर खाली पुट्टी आहे. फेंडर-दारावर थांबू नका, डाव्या पिलरवरही लावा.

एअरबॅग असलेलं मॉडेल असेल तर चावी ऑन करून डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा बघा. तो लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड आहे. मुळात लागतच नसेल तर जास्त वाईट, बहुतेक कोणीतरी दिवाच बंद केलाय.

तुमच्या यादीत मला सर्वांत जास्त खटकतंय ते पाणी. रेडिएटरमध्ये साधं पाणी कोणी हौसेने भरत नाही. कुठेतरी गळालं, गाडी तापली, रस्त्यात बाटलीभर पाणी ओतलं आणि तसंच राहिलं, असंच बहुतेक असतं. एसीचा गॅस आणि कूलंट दोन्ही गेलेत, डावा कोपरा ठोकलेला आहे. वर लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी. त्या ठोकरीत रेडिएटर आणि कंडेन्सर सापडले असतील, आणि गाडी तशीच घरापर्यंत चालवत आणली असेल तर हेड गॅस्केटपर्यंत (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) जाऊ शकतं. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना कूलंटचं झाकण काढून बघा (गरम असताना अजिबात नको, तोंड भाजेल). पाण्यावर तेलाचा तवंग आहे का? इंजिन चालू केल्यावर बुडबुडे सतत येत राहतात का? गार इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो का? यातलं एकही असेल तर हेड उतरवायची तयारी ठेवा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांच्या गाडीत वाफेमुळेही तो होतो. त्यामुळे डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ आहे का ते बघून मगच ठरवा.

ट्रायल शहरात घेऊ नका. वाघबिळापासून वर पन्हाळ्यापर्यंत न्या. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज वाढला पण गाडीने वेग धरला नाही तर क्लच घसरतोय. वर पोचल्यावर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून कूलंटचं तापमान वाचा, ९० च्या आसपास स्थिर असेल तर जीव भांड्यात. उतारावर गिअरमध्येच पाय काढून ठेवा आणि खाली आल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबा. मागे निळा धूर निघाला तर इंजिन ऑइल खातंय. स्कॅनरवर एरर नाही म्हणून खूश होऊ नका, एरर पुसून किती किलोमीटर झाले तेही बहुतेक स्कॅनर दाखवतात. कालच पुसलेली असेल तर तिथेच कळतं. जाता जाता, एजंटने "टायमिंग बेल्ट नवीन टाकलाय" असं सांगितलं तर हसू दाबा. या १.३ डिझेल इंजिनला बेल्ट नाही, चेन आहे.

तुमच्या मेकॅनिकने पुराचं काही लिहिलेलं नाही, पण २०१७ ची एमएच-०९ गाडी म्हणजे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे दोन्ही पूर पाहिलेली. तेव्हा ती कुठे उभी असायची ते मालकाला सरळ विचारा. मग चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. बेल्टचा जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो तिथे मातीची रेघ धुऊनही जात नाही. सीटच्या रुळाचे बोल्ट, स्टेपनीखालचा खड्डा आणि क्लच पेडलच्या बाजूचे वायरिंगचे कनेक्टर बघा. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर ती गाडी आज चालेल आणि पावसाळ्यात भर रस्त्यात बंद पडेल. बुडालेली डिझेल गाडी स्वस्तात मिळाली तरी मी कोणाला घेऊ देत नाही.

कागदांत आरसीवरचा बोजा (कर्जाची नोंद) तुम्ही बघालच. विम्याची मागची पॉलिसी मागा आणि त्यावरचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) वाचा. क्लेम नसेल तर तो २० टक्क्यांपासून चढत ५० पर्यंत जातो. शून्य असेल तर आधी क्लेम झालाय का, की विमा मध्येच तुटला होता, ते विचारा. ठोकर कधीची याचाही त्यातून अंदाज येऊ शकतो.

पैसे ठरवण्याआधी एकच खर्च करा, कॉम्प्युटराइज्ड व्हील अलाइनमेंट. काही शे रुपयांत होतं. कागदावर टो (चाक पुढून आत-बाहेर किती वळलंय) आणि कॅम्बर (उभं चाक किती कललंय) असे आकडे येतात. या गाडीत पुढच्या चाकांचा फक्त टो जुळवता येतो, कॅम्बर नाही. म्हणून डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक निघाला, तर नवीन आर्म टाकूनही काहीतरी वाकलेलंच आहे. स्ट्रट (शॉकअप), नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंवा थेट बॉडी. स्ट्रट-नकल बदलता येतात, बॉडी नाही. कारण सापडल्याशिवाय टोकन देऊ नका. आकडे मिळाले की इथे खाली टाका, बघून सांगतो.