या वयात ऑपरेशन करून आईचे हाल तर केले नाहीत ना?

“मॅडम, खरं सांगा. ब्याण्णवाव्या वर्षी आईला ऑपरेशनला पाठवून मी चूक केली का?”

खुर्चीत नीट टेकण्याआधीच काकांनी विचारलं. त्यांचं स्वतःचं वय सदुसष्ट. तीन रात्री आईच्या उशाशी बसून काढल्या होत्या, ते चेहऱ्यावर दिसतच होतं. अस्थिरोग विभागात समुपदेशन करताना हा प्रश्न मी सतत ऐकते, आणि बहुतेक वेळा तो ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो. (ओळख पटू नये म्हणून या हकिगतीतले काही तपशील बदलले आहेत.)

आजी रात्री बाथरूमला जायला उठल्या आणि पडल्या. मांडीचं हाड खुब्याजवळ, वरच्या गोळ्याखालच्या निमुळत्या भागाशी मोडलं; त्या भागाला हाडाची मान म्हणतात. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन करून मोडलेला गोळा काढून तिथे धातूचा बसवला. ते नीट पार पडलं. पण चौथ्या दिवशी आजी सलाईन उपटत होत्या, छताकडे बघून कुणाशी तरी भांडत होत्या आणि काकांना आपला भाऊ समजून “दादा, मला घरी ने” म्हणत होत्या. त्यात भेटायला आलेले नातेवाईक बोलून गेले, “या वयात चिरफाड कशाला? पडू द्यायचं होतं शांत.” ते वाक्य काकांच्या काळजात रुतलं होतं.

मी आधी त्या “शांत”बद्दल बोलले. मानेशी मोडलेलं आणि सरकलेलं हाड नुसतं पडून राहिल्याने बहुधा जुळत नाही, कारण गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटलेला असतो. मग कूस बदलताना, अंग पुसताना, खाली भांडं देताना दर वेळी कळ येते. माणूस हलेनासा होतो. न हलल्याने पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गाठी होतात. म्हणून इतक्या वयात हे ऑपरेशन आधी वेदना थांबवण्यासाठी असतं, माणसाला उठवून बसवता यावं यासाठी असतं. चालणं त्यानंतर येतं. घरच्यांना मात्र “चालेल का?” एवढाच एक प्रश्न दिसतो.

काकांनी आकडे मागितले. मी लपवत नाही, कारण लपवलं तर पुढचं एकही वाक्य माणूस मनावर घेत नाही. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाच जणांत एक वर्षभरात जातो. नव्वदीपुढे हे प्रमाण आणखी वाढतं. जे राहतात त्यांच्यातले निम्म्याच्या आसपास पूर्वीइतकं चालू लागतात, बाकीच्यांची चाल एक पायरी खाली येते. काठीवाल्याला वॉकर लागतो, वॉकरवाल्याला सोबत.

“म्हणजे करूनही…” काका पुढे बोललेच नाहीत.

मी विचारलं, “पडायच्या आदल्या दिवशी आजींचा दिवस कसा गेला होता?”

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. सकाळी स्वतः आंघोळ केली, काठी टेकत घरभर फिरल्या, दुपारी शेजारणीशी वाद घातला, आणि तो वादही आजीच जिंकल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की जन्मतारखेइतकीच, बऱ्याचदा तिच्याहूनही जास्त, हीच माहिती डॉक्टरांना उपयोगी पडते. पडण्याआधी माणूस किती हिंडत-फिरत होता आणि डोकं किती जागेवर होतं, यावर पुढची वाट बरीचशी ठरते. म्हणजे आजींच्या बाजूनेही दोन भक्कम गोष्टी होत्या.

भ्रमाचं वेगळं बोलावं लागलं. काकांना वाटत होतं की भूल डोक्यात चढली, आई आता अशीच राहणार. अशा रुग्णांमध्ये तीन-चारांत एकाला तरी असा भ्रम होतो. त्यामागे दुखणं, संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, रक्तातलं सोडियम कमी होणं, मोडलेली झोप, काही औषधं, असं काहीही असू शकतं, आणि बऱ्याचदा यातली दोन-तीन कारणं एकत्र असतात. बहुतेकांचा तो काही दिवसांत, काही आठवड्यांत ओसरतो. काहींची स्मरणशक्ती मात्र पूर्ण परतत नाही, हेही मी सांगितलं.

मग सहज विचारलं, “आजींचा चष्मा कुठेय?”

चष्मा आणि कानाचं मशीन दोन्ही लेकीच्या पर्समध्ये होतं. ऑपरेशनला नेताना नर्सने काढून दिलं, तिने जपून ठेवलं, आणि गडबडीत ते तिथेच राहिलं. चार दिवस आजी धूसर, मुक्या जगात अनोळखी हातांकडून सुया टोचून घेत होत्या. आम्ही वॉर्डात गेलो. लेकीने मशीन कानात बसवलं, ते बारीक शिट्टीसारखं वाजलं, आणि आजींनी पहिल्यांदा मान वळवून लेकीकडे पाहिलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी पोट साफ होण्याचं औषध दिलं, लघवीची नळी काढली, रात्रीचं एक औषध बंद केलं. एका दिवसात जादू झाली नाही. आठव्या दिवशी मात्र काका पुन्हा मुलगा झाले होते.

त्या आठव्या दिवशी मी आजींना विचारलं, “आजी, आता तुम्हाला काय जमायला हवंय?” काका घाईने म्हणाले, “चालायचंय तिला.” मी थांबले. आजींनी पलंगाचा कठडा घट्ट धरला आणि म्हणाल्या, “ते भांडं नको मला.”

तिथून पुढचं सगळं त्या एका वाक्यावर बेतलं. पलंगावरून उठणं, वॉकर धरून चार पावलं, कमोडवर बसणं, उठणं. जिना, फाटक वगैरेचा विषय कुणी काढायचा नाही असं ठरलं. एकच अडचण होती. आजी कण्हल्या की लेकीचा जीव कासावीस व्हायचा आणि ती फिजिओंना म्हणायची, “राहू द्या आज, जखम भरू दे.” ही माया मला कळते. पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांचा जवळपास एक किलो स्नायू गेला. नव्वदीतल्या पायात मुळात उरलेलं असतं किती! म्हणून उपाय एवढाच केला की डॉक्टरांना विचारून दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची, आणि जेवणात प्रथिनं वाढवायची. आजी कण्हायच्या थांबल्या नाहीत, पण उठू लागल्या.

याच काळातला दुसरा एक अनुभव इथे सांगायलाच हवा, नाहीतर माझं म्हणणं एकतर्फी होईल. शहाण्णव वर्षांचे एक आजोबा होते. स्मृतिभ्रंश फार पुढे गेलेला, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, घासही गिळवत नव्हता. कूस बदलताना त्यांचं हाड मोडलं. डॉक्टर आणि घरचे दोनदा बसले आणि ऑपरेशन नको असं ठरलं. मांडीच्या नसेभोवती बधिर करणारं इंजेक्शन आणि मॉर्फिन देऊन वेदना ताब्यात ठेवल्या. दुसऱ्या आठवड्यात ते गेले, सून हात धरून बसलेली असताना. नेदरलँड्समधला २०२२ सालचा एक अभ्यास अशाच अतिजर्जर रुग्णांवर होता. ऑपरेशन न केलेल्यांपैकी बहुतेक जण महिन्याभरात गेले, पण चर्चा करून घेतलेल्या त्या निर्णयाबद्दल नातेवाइकांच्या मनात समाधान होतं. त्या सुनेलाही मी हेच म्हणाले, तुम्ही त्यांना टाकून दिलं नाही. वेदना नीट सांभाळल्या असतील, तर ऑपरेशन न करणं हाही उपचारच आहे. दोन्ही घरांत कसोटी एकच होती, आधीचा दिवस कसा जायचा? उत्तरं वेगळी होती, म्हणून निर्णयही वेगळे.

आजी घरी जाताना डॉक्टरांनी हाडांचं औषध सुरू केलं. काकांना ते पटेना, “आता या वयात?” पण एक खुबा मोडला की दुसरा मोडण्याचा धोका वाढलेला असतो, आणि तेव्हा पुन्हा हेच सगळं. मी रात्रीचा दिवा, कमोडशेजारी धरायला दांडी आणि बाथरूमची आतली कडी काढून टाकणं, एवढं सांगितलं. सुधारणा मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत दिसते, पुढे वर्षभर थोडी थोडी होत राहते. म्हणून दुसऱ्या महिन्यातल्या आजींना पाहून निकाल लावू नका, असंही बजावलं.

पाचव्या महिन्यात काकांचा फोन आला. आजी काठीवर परतल्या नाहीत, आता परततील असंही वाटत नाही. वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जातात, सोबत कुणीतरी मागे असतं. कडी काढली म्हणून दोन दिवस रुसल्या होत्या.

“मग आता?” मी विचारलं.

“दार नुसतं लोटून घेते. मी बाहेर खुर्ची टाकतो. ती आतून ‘झालं’ म्हणेपर्यंत दाराकडे पाठ करून बसायचं, अशी तिची अट आहे.”