वीस गुंठे विकून घ्यायची पदवी

पत्र : ताई, मी निफाड तालुक्यातली, यंदा बारावी झाले. मला वनस्पतींचाच अभ्यास करायचा आहे. कृषी पदवीच्या पहिल्या दोन केंद्रीय फेऱ्यांत माझे नाव लागले नाही. एका खासगी महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून जागा मिळते आहे, पण चार वर्षांचे मिळून सहा लाख होतील. त्यासाठी वडील आमच्या अडीच एकरांपैकी वीस गुंठे द्राक्षबाग विकायला निघाले आहेत आणि शेजारी पुढच्या आठवड्यात विसार द्यायला तयार आहेत. मामा म्हणतात, झाडापानांच्या पदवीत पैसा नाही. तालुक्याच्या अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी. काही हजारांत होते. मी काय करू?

उत्तर : मामांची शंका पदवीच्या कमाईविषयी आहे आणि वडिलांचा निर्णय जमिनीविषयी. हे दोन्ही हिशेब वेगळे मांडायला हवेत, आणि जमिनीचा आधी, कारण तो एकदा चुकला की दुरुस्त करता येत नाही. अडीच एकरांतले वीस गुंठे म्हणजे तुमच्या शेतीचा पाचवा हिस्सा, तोही मांडव, ठिबक आणि वेली यांवर खर्च होऊन उत्पन्न देऊ लागलेला. व्यवस्थापन कोट्यातून मिळणारी पदवी आणि गुणवत्तेने मिळणारी पदवी नोकरीच्या अर्जात सारखीच धरली जाते. म्हणजे ते सहा लाख जाणार आहेत ते केवळ एक वर्ष न थांबण्यासाठी. शिवाय 2024-25 पासून राज्य शासनाने आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण माफ केले आहे. ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींना मिळते, व्यवस्थापन कोट्याला मिळत नाही. जी पदवी पुढच्या वर्षी तुला जवळपास शुल्काविना मिळू शकते, तिच्यासाठी आज बाग विकणे मला कोणत्याही हिशेबात बसवता येत नाही.

आता मामांच्या शंकेकडे वळते. वनस्पतींच्या अभ्यासाला पैसा मिळतो की नाही, हे बऱ्याच अंशी पदवीवर कोणत्या शाखेचे नाव छापले आहे यावर ठरते, आणि ही गोष्ट मुलांना प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही याचे मला फार वाईट वाटते. लोकसेवा आयोगाची कृषी सेवा, कृषी विभागातली गावपातळीवरची पदे आणि राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांतले बहुतेक पदव्युत्तर विषय यांना कृषी किंवा तत्सम शाखेची पात्रता लागते, वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी. तिथे चालत नाही, मग गुण कितीही असोत. उलट भारतीय वनसेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्राचे पदवीधर बसू शकतात, आणि कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठीही ही पदवी ग्राह्य धरली जाते, त्यामुळे कृषी सेवा केंद्राचा मार्ग दोन्हीकडून खुला राहतो.

केवळ तीन वर्षांच्या बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रावर थांबलीस, तर मामांचे म्हणणे बरेचसे खरे ठरेल. पुढे एम.एस्सी. आणि सेट किंवा नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा करूनही प्राध्यापकीत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे काढणारे अनेक जण मी पाहिले आहेत. मात्र संशोधनाचा मार्ग मामांना वाटतो तितका कोरडा नाही. सीएसआयआर-नेट या विज्ञान विषयांच्या राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि पुढे 42,000 रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता, म्हणजे पीएच.डी.साठी घरातून पैसे न्यावे लागत नाहीत. ती परीक्षा कठीण आहे आणि जागा थोड्या आहेत, हे विसरू नकोस.

तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट मोलाची आहे, ती म्हणजे तू कुठे वाढलीस. द्राक्षवेलींची खरड छाटणी आणि गोडी बहार छाटणी तू लहानपणापासून पाहिली आहेस. देठ परीक्षणाचा, म्हणजे पानाच्या देठातली अन्नद्रव्ये तपासल्याचा, अहवाल वाचून खताची मात्रा ठरवणाऱ्या, घड संजीवकाच्या (वाढ नियंत्रित करणाऱ्या द्रव्याच्या) द्रावणात बुडवण्याची, म्हणजे डिपिंगची, वेळ नेमकी सांगणाऱ्या सल्लागाराला तुमच्या भागात बागायतदार स्वतःहून पैसे देतात. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही आपल्याच राज्यात, पुण्याजवळ मांजरी येथे आहे. या ज्ञानाला तुझ्याच तालुक्यात ग्राहक आहे, आणि ते कृषी पदवीतून अधिक थेट मिळते.

म्हणून माझे मत असे : उरलेल्या फेरीचा अर्ज भर आणि घरच्या शेतीच्या सातबाऱ्यावरून मिळणारे अधिभार (जादा) गुण आधीच्या अर्जात मागितले होते का, ते तपासून पाहा. तिथेही नाव लागले नाही, तर तालुक्याच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राला प्रवेश घे आणि त्याच वर्षी सीईटी पुन्हा दे. मीही वनस्पतिशास्त्राचीच विद्यार्थिनी. ऱ्हियो या शोभेच्या झाडाच्या पानाची साल सोलून सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रे, प्रथम पाहिली, तो दिवस मला अजून आठवतो, त्यामुळे ते वर्ष वाया गेले असे मी कधीच म्हणणार नाही. पुढच्या वर्षी कृषीला जागा मिळाली तर बदल कर, न मिळाली तर तिथेच मन लावून शिक आणि दुसऱ्या वर्षापासून नेटचा अभ्यासक्रम जवळ ठेव. मामांना हे पत्र वाचायला दे. त्यांना तुझी काळजी आहे, हे त्यांच्या बोलण्यातूनच कळते. वडिलांना मात्र आजच सांग, की शेजाऱ्यांकडून विसार घेऊ नका.