बाहेरच्या दिव्यांचा नकाशा आपल्याच ऑफिसात काढ

भाऊ, परवानगीच्या फाइलसाठी दिव्यांचा नकाशा दरवेळी नागपूरहून करून आणायची गरज नाही. डायलक्स या उजेडाचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरची साधी आवृत्ती फुकट मिळते. साइट प्लॅन त्यात घे. पण नुसते वॅट बघून दिवे मांडू नको. कंपनीकडून त्याच मॉडेलची आयईएस फाइल माग, उजेड कोणत्या दिशेला किती जातो ते तिच्यातच असतं. खांबाची उंची आणि दिव्याचा कल प्रत्यक्ष लागणार तेच भर. कल 0 वरून 15 अंश केला की उजेड कुंपण ओलांडून शेजारच्या वावरात पडतो, म्हणून हद्दीवरचे लक्स, म्हणजे तिथे पडणाऱ्या उजेडाचे आकडे दाखवच. पेंचजवळ काम असेल तर फारच जप. 2024 मध्ये ते देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं जंगल झालं. तिथे 3000 केल्विनच्या वरचा, म्हणजे जास्त पांढरा दिवा मी लावूच देत नाही.