फक्त पेट्रोल टाकायला सांगलीहून कागवडला जाणं परवडतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: बदलीने सांगलीत आलोय, पुण्यात लिटरला ५५ देणारी १२५ सीसीची गाडी इथे ४२ वर आली, ऑफिसातले म्हणतात की कर्नाटकात कागवडला जाऊन टाकी फुल करत जा, भाव कमी आणि पेट्रोलही चांगलं. जावं का?

मुद्दाम जाऊ नका. माझी थोरली बहीण कागवडच्या पुढे उगारला दिली आहे. मिरज, म्हैसाळ, कागवड हा रस्ता मला पाठ आहे आणि परतताना मी कागवडला टाकी भरतोच. पण तेव्हा मी त्या रस्त्याने जात असतोच. फक्त पेट्रोलसाठी वाकडी वाट करायची तर हिशेब बसत नाही. फरक सगळ्यात जास्त होता तेव्हाही बसत नव्हता.

एप्रिल २०२२ आठवा. आपल्याकडे पेट्रोल १२० च्या घरात होतं, कर्नाटकात १११ च्या आसपास. लिटरमागे ९ रुपये. टाकीत ९ लिटर बसलं तर ८१ रुपये वाचले. सांगली ते कागवड साधारण २५ किलोमीटर, जाऊन-येऊन ५०. पन्नास देणाऱ्या गाडीला एक लिटर लागलं, म्हणजे १११ रुपये. तीस रुपये पदरचेच गेले. चारचाकीत ३५ लिटर भरलं तर ३१५ वाचतात, पण १८ देणारी गाडी जाता-येता पावणेतीन लिटर पिते, तेच ३०० च्या वर. दहा रुपयांसाठी अख्खी सकाळ गेली.

त्यानंतर हा फरकही आटला. मे २०२२ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क ८ रुपयांनी उतरवलं, ते दोन्हीकडे सारखंच. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने व्हॅट कमी करून ५ रुपये उतरवले. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने विक्रीकर वाढवला आणि तिथे पेट्रोल ३ रुपयांनी चढलं. नवातून पाच गेले, वर तीन गेले. उरला रुपया-दोन रुपयांचा फरक. कागवडच्या पंपावर महाराष्ट्र पासिंगच्या गाड्यांची रांग लागायची ती मी बघितली आहे. तुमच्या ऑफिसातले अजून त्याच दिवसांचं सांगतायत. आणि 'तिकडचं पेट्रोल चांगलं' म्हणाल, तर कंपन्या त्याच आहेत आणि पेट्रोलात मिसळलेलं इथेनॉलही दोन्हीकडे तेवढंच, २० टक्के.

आता ४२ चं बघू, कारण तुमचे पैसे खरे तिथे जातायत. ५५ वरून ४२ म्हणजे रोज ४० किलोमीटर फिरलात तर महिन्याला साडेसहा-सात लिटर जास्त. सहाशे-सातशे रुपये. पगारदार माणसाला ही रक्कम लहान नाही.

इथेनॉलला सगळेच नावं ठेवतात. त्यात पेट्रोलच्या मानाने ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतं हे खरं. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या बनावटीच्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के धरली आहे. ५५ ची ५३ होईल. बाकीचे अकरा किलोमीटर गेले कुठे, ते शोधायला हवं.

माझ्या बाबतीत झालेलं सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझी गाडी ५२ वरून ४१ वर आली. मी तीन पंप बदलले. एका ठिकाणी ५ लिटरचं माप मागितलं. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं हे माप पंपावर ठेवावंच लागतं आणि ग्राहकाने मागितलं की मोजून दाखवावं लागतं, ५ लिटरला २५ मिलीपेक्षा जास्त तूट चालत नाही. माप बरोबर भरलं. मग कुपवाडला मिस्त्रीकडे गेलो. त्याने इंजिनकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी डबल स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली आणि मागचं चाक हाताने जोरात फिरवलं. अर्ध्या फेरीत चाक थांबलं. आतून खस्स खस्स आवाज. मला म्हणाला, ड्रमला हात लावा. मी एमआयडीसीतून नुकताच आलो होतो. बोट टेकवलं आणि झटक्यात मागे घेतलं, इतका तापलेला. ब्रेकचे लायनर सतत घासत होते. घरापासून कारखान्यापर्यंत मी ब्रेक दाबूनच गाडी चालवत होतो आणि माझं पेट्रोल त्या ड्रममध्ये उष्णता होऊन जात होतं. त्याने ब्रेक रॉडचा नट दोन फेऱ्या उलटा फिरवला, चाक पुन्हा फिरवलं. पाच-सहा फेऱ्या मोकळं फिरलं. मागच्या टायरात हवा २० निघाली, स्टिकरवर २९ लिहिलेली. पुढच्या टाकीला गाडीने ५१ दिले.

तेव्हा आज घरी गेलात की आधी चाक फिरवून बघा. हवा सकाळी टायर थंड असताना तपासा.

मोजायचं कसं, तर टाकी फुल करा, नोझल आपोआप कट झाली की थांबा, किलोमीटर लिहून ठेवा. अडीचशे-तीनशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर, गाडी त्याच स्टँडवर लावून पुन्हा फुल. किलोमीटरला लिटरने भागा. शंभर-दोनशेचं टाकून आणि रिझर्व्हला लागली की अंदाज बांधून खरा आकडा कधीच कळत नाही. बिलावरची शाई महिन्यात उडते, म्हणून मी डिकीत छोटी वही ठेवतो.

एक गोष्ट तुम्ही नवीन म्हणून सांगतो. नोव्हेंबरात साखर कारखाने सुरू झाले की इथल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर असतात, आणि त्यांच्या मागे दुसऱ्या गिअरवर किलोमीटर-दोन किलोमीटर रांगावं लागतं. माझ्या वहीत दरवर्षी हंगामात तीन-चार किलोमीटर कमीच दिसतात आणि उन्हाळ्यात आपोआप वर येतात. तुम्ही नेमके कोणत्या महिन्यात आलात? पुण्यात ५५ मोजले होते की अंदाजे, तेही कळवा. गाडी कोणत्या सालची आहे ते कळलं तर पुढचं सांगता येईल.