एका दिवसाची इंका वाट : वाचकांचे प्रश्न

पेरूमधल्या माचू पिचूला आगगाडी आणि बस करून थेट दारापर्यंत जाता येतं. पण त्याच रेल्वेमार्गावर 104 व्या किलोमीटरला उतरून, इंकांनी घातलेल्या दगडी वाटेने, गाइडबरोबर एका दिवसात चालतही पोचता येतं. मागच्या अंकात मी या वाटेचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली काही इथे घेते.

मी 61 वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. रोज तासभर चालते. चार दिवसांचा ट्रेक आणि तंबूतली झोप मला नको. एका दिवसाची वाट झेपेल का? उंचीवर श्वास लागतो म्हणून घाबरवणारेच जास्त भेटतात.

ताई, तयारी केलीत तर नक्की झेपेल. आधी उंचीचं बोलू, कारण त्याबद्दल उलटीच समजूत पसरली आहे. तुमची वाट सुरू होते साधारण 2,100 मीटरवर. तिचा सगळ्यात उंच भाग म्हणजे इंती पुंकू, म्हणजे ‘सूर्यद्वार’, सुमारे 2,700 मीटर. माचू पिचू त्याहून खाली, 2,430 मीटरवर. चार दिवसांच्या ट्रेकमध्ये 4,200 मीटरची खिंड ओलांडावी लागते, ती तुमच्या वाटेवर नाहीच. खरा त्रास कुठे होतो, तर विमानाने जिथे उतरायचं त्या कुस्को शहरात. विमान तुम्हाला समुद्रसपाटीवरच्या लिमाहून दीड तासात 3,400 मीटरवर नेऊन सोडतं आणि शरीराला तयारीची सवडच मिळत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की कुस्कोला उतरल्यावर त्याच दिवशी गाडी करून खाली उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात जा. ओयांताइताम्बो हे गाव साधारण 2,800 मीटरवर आहे. तिथे निदान दोन रात्री काढा, गावातल्या इंकाकालीन गल्ल्यांतून रमतगमत फिरा, तिथूनच चालायला जा आणि कुस्को परतीच्या प्रवासात बघा. पहिल्या दिवशी जेवण हलकं ठेवा, पाणी भरपूर प्या. डोकेदुखी वाढतच चालली, उलट्या झाल्या, तोल जायला लागला, तर सहन करत बसायचं नाही. खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. उंचीचा त्रास टाळण्यासाठी असिटाझोलामाइडची गोळी घ्यायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते त्यांना आवर्जून सांगा. तिथे सगळीकडे कोकाच्या पानांचा चहा पुढे करतात. पेरूमध्ये तो कायदेशीर आहे, पण त्याची पानं किंवा पुड्या सामानात घालून भारतात आणू नका.

आता पायांचं. अंतर अकरा-बारा किलोमीटर, वेळ सहा-सात तास, आणि त्यात दगडी पायऱ्या पुष्कळ, त्याही सारख्या उंचीच्या नाहीत. सपाटीवरचा तासभर फेरफटका त्याला पुरणार नाही. तीन महिने आधीपासून जिने चढा, पाठीवर सामान घेऊन चढा, आणि उतरण्याचाही सराव करा. गुडघे बोलायला लागतात ते उतारावर. चार दिवसांच्या ट्रेकला हमाल असतात; एका दिवसाच्या वाटेवर साधारणपणे आपलं ओझं आपल्याच पाठीवर असतं, हेही लक्षात ठेवा.

मी सह्याद्रीत वर्षानुवर्षं एकटा भटकतो. नकाशा वाचता येतो, जीपीएस आहे. तिथे गाइड सक्तीचा आहे म्हणतात. वाट जर सरळ आणि बांधलेली आहे, तर गाइडचे पैसे कशासाठी?

सक्ती आहे हे खरं. इंका वाटेवर परवान्याशिवाय आणि अधिकृत गाइडशिवाय कोणाला सोडत नाहीत. रोज किती माणसं जाणार याची मर्यादा ठरलेली आहे आणि दर वर्षी फेब्रुवारीत डागडुजीसाठी ही वाट पूर्ण बंद ठेवतात. पाचशे वर्षांपूर्वी बसवलेल्या दगडांवरून आपण बूट घालून चालणार, तेव्हा एवढा बंदोबस्त हवाच असं माझं ठाम मत आहे.

पण तुमचा प्रश्न पैशांचा आणि उपयोगाचा आहे. वाट चुकण्याची भीती नाही, हे मी मान्य करते. गाइड वाट दाखवायला नसतोच, बघायला शिकवायला असतो. आमच्याबरोबर त्याच खोऱ्यातल्या शेतकरी घरातली एक मुलगी गाइड म्हणून होती. चढावर एका तालीपाशी, म्हणजे उतारावर भिंत घालून केलेल्या पायरीच्या शेतापाशी, तिने आम्हाला थांबवलं. भिंतीतून लांबट दगड ओळीने बाहेर आलेले होते. मी ते निखळलेले दगड समजून पुढे निघाले असते. त्या पायऱ्या होत्या: एका तालीतून वरच्या तालीत जायला भिंतीतच ओवलेल्या, म्हणजे जिन्यासाठी पिकाची जागा जात नाही. मग तिने भिंत आतल्या बाजूला किती कललेली आहे ते दाखवलं. दारं खाली रुंद, वर अरुंद का, हे दारात उभं करून सांगितलं. भूकंपाच्या प्रदेशात असं बांधकाम हललं तरी आतल्या आत सावरतं. पुढे एका जागी पायऱ्या आणून बसवलेल्या नव्हत्या, मूळ कातळातच कोरलेल्या होत्या, आणि कुठला दगड आणलेला, कुठला जागचा, हे तिने आम्हालाच ओळखायला लावलं. हे सगळं लोखंडी हत्यारांशिवाय आणि चाकाच्या गाडीशिवाय केलेलं आहे. जीपीएसवर यातलं काय दिसणार?

आणखी एक गोष्ट, मला ती फार महत्त्वाची वाटते. माचू पिचू जगापुढे आणण्याचं श्रेय हायरम बिंगहॅम या अमेरिकन संशोधकाला दिलं जातं. 24 जुलै 1911 ला तोही वाटाड्या घेऊनच वर गेला होता. मेलचोर आर्तेआगा नावाच्या तिथल्या शेतकऱ्याने एका सोलच्या (पेरूचं नाणं) मोबदल्यात त्याला नदीपार करून चढावर नेलं. वर पोचल्यावर दिसलं की काही शेतकरी कुटुंबं तिथे राहत होती आणि इंकांच्याच तालींवर पिकं घेत होती. अवशेषांमधून त्याला फिरवलं ते तिथल्या एका लहान मुलाने. ‘हरवलेलं शहर’ म्हणून ज्याची कीर्ती झाली, ते जवळपासच्या माणसांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून मला वाटतं, त्या डोंगरांत तिथल्या माणसाचं बोट धरून जाण्यात तुमच्यासारख्या अनुभवी भटक्यालाही कमीपणा नाही.

फक्त गाइड डोळसपणे निवडा. कंपनीला पत्र लिहाल तेव्हा एवढंच विचारा: वाटेतल्या विन्याय वायना या इंका अवशेषांपाशी किती वेळ थांबणार? ‘फोटोपुरतं’ असं उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघा.

विन्याय वायनाचं एवढं काय? आमचं लक्ष्य माचू पिचू आहे. वाटेतल्या अवशेषांत वेळ घालवला तर मुख्य ठिकाणी घाई होणार नाही का?

हा प्रश्न दोघातिघांनी विचारला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सकाळी गाडी 104 व्या किलोमीटरला अगदी थोडा वेळ थांबते, तेव्हा सामान हातात धरून दारापाशी तयार राहायचं. नदीवरचा झुलता पूल ओलांडला, पासपोर्ट दाखवला की थोड्याच वेळात चाचाबाम्बा लागतं. अवशेष लहान आहे, पण दगडी पन्हळी आणि स्नानकुंडं नीट बघण्यासारखी आहेत. पाण्याला धार्मिक मान असलेली ही जागा होती. त्यानंतर दोन-तीन तासांचा उघडा चढ. सावली कमी, उजवीकडे उरुबाम्बा खोल खोल जात राहते, समोर एकावर एक डोंगर. वळणावळणावर विन्याय वायना दिसायला लागतं, आणि पहिल्यांदा दिसतं तेव्हा विश्वास बसत नाही की त्या उतारावर कोणी शेती केली असेल.

डोंगराच्या खोबणीत बाकदार ताली, एकीखाली एक. वरच्या अंगाला एक घरांचा पुंजका, खालच्या अंगाला दुसरा, आणि दोघांना जोडणारा लांबलचक जिना. जिन्याला लागून स्नानकुंडांची रांग. वरच्या कुंडातलं पाणी खालच्यात, तिथून आणखी खालच्यात. घरांच्या खिडक्यांतून बर्फाची शिखरं दिसतात. बिंगहॅमच्या मोहिमांच्या हाती ही जागा लागली नव्हती. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल फेजोस यांच्या मोहिमेने ती उजेडात आणली. इथे आगगाडी येत नाही, बस येत नाही. चालत आलेल्या माणसांनाच ती भेटते. आम्ही गेलो तेव्हा सगळा जिना आमच्या वाट्याला होता.

आणि इथे बघितलेलं पुढे उपयोगी पडतं. माचू पिचूला सोळा कुंडांची मालिका आहे आणि डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जवळजवळ 750 मीटर लांबीच्या दगडी पाटाने तिथवर आणलेलं आहे. तालींच्या पोटात खाली मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू आणि सगळ्यात वर माती असे थर आहेत. तिथे पाऊस धो धो पडतो, आणि तो याच थरांमधून निचरून जातो; म्हणून तर डोंगर घसरला नाही. माचू पिचूच्या गर्दीत, ठरवून दिलेल्या मार्गाने पुढे सरकताना, हे निवांत समजून घ्यायला वेळ मिळत नाही. विन्याय वायनाला जिन्यावर बसून ते डोळ्यांसमोर बघता येतं. निदान एक तास द्या. मी तर म्हणेन, तिथल्या एका तासासाठी ही वाट चालावी.

तिथून पुढे दाट, ओलसर जंगलातून तासा-दीड तासाची बऱ्यापैकी सोपी चाल, मग शेवटी हातही टेकवावे लागतील असा उभा जिना, आणि इंती पुंकू. खाली माचू पिचू पूर्ण दिसतं. दुपार कललेली असते, सकाळची गर्दी ओसरायला लागलेली असते. उतरायला पाऊण तास लागतो. मुख्य अवशेष सावकाश बघायचे असतील तर त्या रात्री खाली आग्वास कालिएंतेस या गावी मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशीचं वेगळं तिकीट काढा. जून ते ऑगस्टमध्ये ही तिकिटं लवकर संपतात, तेव्हा परवान्याबरोबरच घेऊन टाका.

कुठला महिना चांगला?

मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम. मला मे सगळ्यात आवडतो: पाऊस संपलेला, डोंगर अजून हिरवे. डिसेंबर ते मार्च पावसाचे. कोरड्या हंगामातही या जंगलात सर येऊ शकते, म्हणून रेनकोट नेहमी हवाच.

सामान आणि कागदपत्रं काय न्यावीत?

सामान कमी. मोठी सॅक माचू पिचूत आत नेऊ देत नाहीत. 40 × 35 × 20 सेंटिमीटरच्या आतली पिशवी घ्या. वापरलेले, पायाला सरावलेले बूट. काठी नेणार असाल तर तिच्या टोकाला रबरी टोपी हवीच, उघडं लोखंडी टोक दगड खरवडतं. पाण्यासाठी पुन्हा भरता येणारी बाटली. उन्हाची टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पँट, कारण तिथल्या बारीक माश्या चावल्या की खाज बरेच दिवस जात नाही. ड्रोन घरी ठेवा.

परवाना पासपोर्टच्या नंबरवर निघतो आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मध्येच पासपोर्टचं नूतनीकरण झालं तर कंपनीला लगेच कळवा आणि जुना-नवा दोन्ही जवळ ठेवा. मूळ पासपोर्टच लागतो, झेरॉक्स चालत नाही.

आणि एक गोष्ट, बहुतेक पत्रांत तिचा उल्लेखच नव्हता. भारत सरकारच्या पीतज्वराच्या (यलो फीवर) देशांच्या यादीत पेरू आहे. तिथून परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला नसेल तर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी दाखला ग्राह्य धरतात, तेव्हा ती वेळेत घ्या. ही लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि साठीच्या पुढच्यांनी ती घेण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलावं लागतं. पहिल्या पत्रातल्या ताई, हे तुमच्यासाठी खास.

माझ्या मुलीला जायचं आहे, पण मला दरीची भीती वाटते. कड्याच्या काठावर पाय थरथरतात. वाट अरुंद आहे का?

काही ठिकाणी आहे, आणि दरीच्या बाजूला कठडा नाही. खोटा धीर देणार नाही. तरी वाट बहुतेक ठिकाणी दोन माणसं शेजारून जातील एवढी आहे आणि पायाखाली पक्का दगड आहे, घसरडी माती नाही. चालताना डोंगराच्या बाजूने चाला. मागून कोणी आलं तर तुम्ही डोंगराला पाठ लावून थांबा आणि त्यांना बाहेरच्या बाजूने जाऊ द्या. बघायचं तेव्हा थांबून बघा, चालताना नजर पायरीवर. सकाळी निघतानाच गाइडला ही भीती सांगून ठेवा. आमच्यातल्या एकीने सांगितली होती. गाइड सगळ्या उघड्या वळणांवर तिच्या दरीकडच्या बाजूने चालली. शेवटच्या उभ्या जिन्यावर मुलीला मागे ठेवा, पुढे नको. मागे आपलं माणूस आहे म्हटलं की पाय वर टाकायला धीर येतो.